कोळशावरच्या मांसासोबत चाकालाका: पाणी सुटू न देता कसे करावे

प्रश्न थोडक्यात असा आहे: डिसेंबरात डिचोलीला अंगणात ३० माणसांचे जेवण आहे. कोंबडी आणि मटण कोळशावर भाजायचे आहे, आणि सोबत दक्षिण आफ्रिकेत करतात तसे चाकालाका, म्हणजे भाज्यांचे तिखट तोंडीलावणे, हवे आहे. थोड्या प्रमाणात करून पाहिले तर वाडग्यात पाणी साचले, गाजराचा लगदा झाला आणि दुसऱ्या दिवशी आंबूस वास आला. गोव्याच्या बाजारात मिळणाऱ्या जिनसांत ते नीट कसे जमवावे?

तिन्ही तक्रारींचे मूळ एकच, पाणी. टोमॅटो पुरता आटायच्या आत गाजर पडले, म्हणून ते परतले न जाता टोमॅटोच्या पाण्यात उकडले. उकडलेल्या गाजराने स्वतःचे पाणी सोडले. मग ते सगळे गरम गरम खोल टोपात झाकून ठेवले गेले असणार, आणि आपल्याकडच्या दमट हवेत असा टोप चार-पाच तास कोमटच राहतो. आंबायला एवढे पुरते. तेव्हा मसाल्याचे प्रमाण बदलण्याआधी भाज्या घालण्याचा क्रम आणि भांडे बदला.

आधी पदार्थ समजून घेऊ. चाकालाका हे जोहान्सबर्गच्या टाउनशिपमधल्या, म्हणजे शहराकडेच्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमधल्या, घरांतले खाणे. कांदा, टोमॅटो, ढब्बू मिरची, गाजर, हिरवी मिरची, करी पावडर आणि बहुतेक वेळा डब्यातल्या, टोमॅटोच्या रसातल्या बीन्स, एवढाच त्याचा पसारा. तिथे ते मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीबरोबर, म्हणजे पापबरोबर, आणि ब्रायबरोबर, म्हणजे कोळशावर भाजलेल्या मांसाबरोबर खातात. करी पावडर ऐकून आश्चर्य वाटायला नको: १८६० पासून मद्रास आणि कलकत्त्याहून करारबद्ध मजूर दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतातल्या उसाच्या मळ्यांवर गेले आणि त्यांचे मसाले तिथल्या स्वयंपाकात रुजले. गोव्याचे आफ्रिकेशी नाते त्याहून जुने आहे. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातूनच चालत असे. मिरची आणि आंबट घालून भाजलेली कोंबडी दोन्ही किनाऱ्यांना ओळखीची आहे, म्हणून माडाच्या सुरेचे, म्हणजे माडीचे, व्हिनेगर आणि काणकोणकडची खोलची मिरची घालून केलेले चाकालाका मला उसनवारीचे वाटत नाही.

भाजलेल्या मांसाला या तोंडीलावण्याकडून तीन गोष्टी हव्या असतात. चरबी कापणारे आंबट, धुराला तोलणारा थोडासा गोडवा, आणि दाताखाली येणारी भाजी. मऊ मांसाबरोबर मऊ भाजी आली की दोन्ही फिकी पडतात. गाजर कुरकुरीत राहिले पाहिजे असा आग्रह आहे तो यासाठी.

आता प्रमाण. माणशी १०० ग्रॅम धरा, म्हणजे तयार ३ किलो. त्यासाठी कांदे ७५० ग्रॅम, टोमॅटो १ किलो, गाजरे १ किलो, ढब्बू मिरची ५०० ग्रॅम आणि सुके अळसांदे, म्हणजे मोठ्या दाण्याची चवळी, २५० ग्रॅम. आले ६० ग्रॅम, सोललेला लसूण ८० ग्रॅम, तिखट हिरव्या मिरच्या ८. तेल २०० मिली. सुक्या लाल मिरच्या २५ ग्रॅम, सुरेचे व्हिनेगर १६० मिली, साखर ४० ग्रॅम, मीठ सगळे मिळून साधारण ४५ ग्रॅम, शेवटी मूठभर कोथिंबीर. कोरड्या मसाल्यात धणे २० ग्रॅम, जिरे १०, मोहरी ५, बडीशेप ५, मिरी ३, मेथी २ ग्रॅम, बोटभर दालचिनी, आणि वर हळद ५ ग्रॅम. मेथीचे प्रमाण वाढवू नका. २ ग्रॅमने तो ओळखीचा ‘करी’चा वास येतो, ५ ग्रॅमने सगळा टोप कडू होतो.

बाजारातली तयार करी पावडर चालते, पण तिच्यात मीठ असू शकते, तेव्हा वेष्टन वाचून मीठ कमी करा. शागोतीचा मसाला मात्र घालू नका. तो खोबऱ्याच्या वाटणासाठी बांधलेला असतो. खोबऱ्याशिवाय त्यातली लवंग आणि जायफळ अंगावर येते. ओले खोबरे घालायचा मोहही इथे आवरा. मांसात चरबी आहेच, तिच्यावर खोबऱ्याची स्निग्धता आली की आंबटाचे काम बोथट होते, आणि टिकण्याच्या दृष्टीने ओले खोबरे सगळ्यात आधी दगा देते.

बीन्सऐवजी अळसांदे सुचवतो, कारण आपले मोठे अळसांदे शिजल्यावर आकार धरून राहतात आणि डब्यातल्या बीन्ससारखा गोड रस बरोबर आणत नाहीत. रात्रभर, निदान ८ तास, भिजवा. ताज्या पाण्यात १ चमचा मीठ घालून कुकरला २ शिट्ट्या द्या, वाफ आपोआप जिरू द्या आणि एक दाणा दोन बोटांत दाबून पाहा. पिठूळ दबला पाहिजे, पण साल फुटलेले नको. माल जुना असेल तर आणखी एक शिट्टी लागते. सोडा घालू नका, साले सुटतात. ते पूर्ण शिजल्यावरच टोमॅटोत जातील, कारण आंबटात कडधान्याच्या साली मऊ होत नाहीत. अर्धवट शिजलेला अळसांदा टोमॅटोत तासभर ठेवला तरी कडकच राहतो. शिजले की चाळणीत अर्धा तास निथळा. हे निथळणे टाळले की वाटीभर पाणी परत आत येते.

टोमॅटो गोल आणि रसाळ घेऊ नका. लांबट, जाड गराचे, पूर्ण पिकलेले पण घट्ट असे निवडा. आडवे कापून बिया आणि त्याभोवतीचा बुळबुळीत रस बोटाने काढा आणि गर बारीक चिरा. काढलेला रस गाळून सारात वापरता येतो. साल काढायची गरज नाही, पण तुकडे मोठे ठेवले तर सालीच्या गुंडाळ्या होतात.

गाजरावर थोडा वेळ घालवावा लागेल. बाराही महिने मिळणारी केशरी गाजरे इथे बरी. थंडीतली लाल गाजरे गोड असतात, पण लवकर मऊ पडतात आणि मसाल्याचा रंग त्यांच्या रंगात बुडतो. किसणी मोठ्या भोकांची हवी. हलव्यासाठी वापरतो त्या बारीक किसणीने लगदा ठरलेलाच. हात असतील तर सुरीने काडेपेटीच्या काडीएवढे तुकडे करणे सर्वांत उत्तम. किसावर २ चहाचे चमचे मीठ चोळून २० मिनिटे चाळणीत ठेवा, मग मुठीत धरून घट्ट पिळा. मिठाने पेशींतले पाणी आधीच बाहेर येते, त्यामुळे ते टोपात सुटत नाही, आणि काडी लवचीक पण करकरीत राहते. यातले बरेच मीठ पाण्याबरोबर जाते. उरलेले धरूनच शेवटचे मीठ चाखून घाला.

ढब्बू मिरची निम्मी लाल, निम्मी हिरवी घ्या. हिरवा रंग आंबटात काही तासांतच शेवाळी होतो. तो खराब झाल्याचा नाही, तर आम्लाने हिरवा रंग मोडल्याचा परिणाम आहे. लाल तुकडे रंग धरून राहतात. आतल्या पांढऱ्या शिरा काढून १ सेंटीमीटरचे चौकोन करा.

लाल मिरचीसाठी काणकोणकडची खोलची मिरची मिळाली तर उत्तम. ती रंगाला लालभडक आणि तिखटाला मध्यम असते. पेडण्याकडची हरमल मिरचीही चालेल. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, आणि त्यामुळेच बाजारात त्या नावाने दुसरीच मिरची गळ्यात पडू शकते. खात्रीच्या माणसाकडून घ्या. नाही मिळाली तर ब्याडगी आणि काश्मिरी निम्मी निम्मी. देठे काढा, निम्म्या बिया झटका आणि १०० मिली कोमट व्हिनेगरात तासभर भिजवा. त्याच व्हिनेगरात आले आणि निम्मा लसूण घालून गंधासारखे वाटा. पाणी अजिबात घालू नका. मिक्सर फिरत नसेल तर टोमॅटोचा गाळलेला रस चमचाभर घाला. वाटण चाखून पाहा, कारण मिरचीचा तिखटपणा शेतागणिक बदलतो आणि हिरव्या मिरच्या किती घालायच्या ते इथेच ठरते.

व्हिनेगर सुरेचेच घ्या. त्याला आंबटामागे किंचित गोडसर, आंबवलेला वास असतो, आणि कोळशाच्या धुराशी तो चांगला जुळतो. पातळ केलेल्या ॲसेटिक ॲसिडचे स्वस्त व्हिनेगर नाकात जाते आणि मसाला दाबून टाकते. बाजारात बिनलेबलाच्या बाटलीत मिळणारे घरगुती व्हिनेगर चवीला सुंदर असते, पण प्रत्येक बाटलीची ताकद वेगळी. म्हणून शेवटचे ६० मिली एकदम ओतू नका, तीन वेळा चाखत घाला.

भांडे स्टीलचे, जाड बुडाचे आणि रुंद हवे, निदान ४० सेंटीमीटर. ॲल्युमिनियमच्या टोपात व्हिनेगर आणि टोमॅटो धातूची चव ओढून घेतात, लोखंडी कढईत रंग काळवंडतो. ३ किलोचा हा घाणा एका रुंद भांड्यात कसाबसा होतो. तुमच्याकडे २८-३० सेंटीमीटरचा उभट टोपच असेल तर दोन घाणे करा. प्रमाण दुप्पट केले की टोपाचा तळ दुप्पट होत नाही. वाफ जायला जागा उरत नाही आणि आपण पुन्हा उकडीवर येतो. छोट्या प्रमाणातच पाणी साचले असेल, तर मोठ्या प्रमाणात ते तिप्पट त्रास देईल.

तेल शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे घ्या. खोबरेल तेल फ्रिजमध्ये थिजते आणि वाढताना पांढरे कण दिसतात. तेल तापले की बारीक चिरलेला कांदा आणि १ मोठा चमचा मीठ घालून मध्यम आचेवर १२ ते १५ मिनिटे परता. कांदा पारदर्शक आणि कडेला जेमतेम सोनेरी झाला की थांबा. तपकिरी केला तर सगळ्याला रश्श्याची चव येते. आता उरलेला लसूण बारीक चिरून आणि हिरव्या मिरच्या, २ मिनिटे. आच मंद करून कोरडा मसाला घाला. तो आधी मंद भाजून दळलेला असेल. तेलात त्याला पाऊण मिनिट पुरे. त्याहून जास्त झाले तर मेथी आणि धणे जळतात, आणि तो कडवटपणा साखरेने जात नाही. करपल्याचा वास आला तर निर्दयपणे टाकून नवीन सुरू करा, कांदाच वाया जातो, भाज्या वाचतात.

लगेच मिरचीचे वाटण घाला. पहिली २ मिनिटे डोळ्यांत पाणी येईल, खिडकी उघडी ठेवा. ४ ते ५ मिनिटांत व्हिनेगरचा कच्चा झणका जातो आणि कडेने लाल तेल दिसू लागते. मग टोमॅटो, आणि आता आच मोठी. झाकण ठेवायचे नाही, या क्षणापासून शेवटपर्यंत कधीच नाही. २० ते २५ मिनिटे लागतील, मधूनमधून तळ खरवडत राहा. पूर्ण आटल्याची खूण अशी: उलथन्याने तळावर रेघ ओढली की ती दोन-तीन सेकंद उघडी राहते आणि तिच्यात पाणी नव्हे, तेल सरकत येते. घड्याळापेक्षा या रेघेवर विश्वास ठेवा, आणि ती दिसेपर्यंत गाजराला हात लावू नका.

रेघ टिकली की पुढचे काम भराभर होते. ढब्बू मिरची मोठ्या आचेवर ३ मिनिटे, पिळलेले गाजर ४ मिनिटे, अळसांदे हलक्या हाताने २ मिनिटे. गॅस बंद. साखर, उरलेले व्हिनेगर आणि मीठ चाखत घाला. गरम असताना आंबट आणि तिखट वेगळे वेगळे लागतात, ५-६ तासांनी ते एकमेकांत मुरतात, म्हणून गरम चाखताना आंबट किंचित जास्त वाटले तर ते बरोबर आहे. आदल्या दिवशी संध्याकाळी करणे सगळ्यात चांगले. कोथिंबीर वाढायच्या दिवशीच.

थंड करणे ही स्वयंपाकाइतकीच महत्त्वाची पायरी आहे. दोन रुंद परातींत ४-५ सेंटीमीटरपेक्षा जाड थर न करता पसरा आणि पंख्याखाली ठेवा, वर पातळ फडके. ५ ते ६० अंश सेल्सियस या टप्प्यात जंतू झपाट्याने वाढतात. त्या टप्प्यात ते फार वेळ राहू नये म्हणून २ तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले पाहिजे. खोल डब्यात भरून गरमच फ्रिजमध्ये ठेवले तर मधला भाग मध्यरात्रीपर्यंत कोमट राहतो. कोरडे स्टीलचे किंवा काचेचे डबे वापरा, प्रत्येकात किलोपेक्षा जास्त नको. असे केलेले चाकालाका फ्रिजमध्ये ४ दिवस चांगले राहते.

आठवडाभर आधी करून ठेवायचे असेल तर ही कृती तशीच ताणू नका. अळसांदे वगळा, व्हिनेगर ४५० मिली करा, साखर १२० ग्रॅम, मीठ ६० ग्रॅम, आणि इथे लेबलवर ४ टक्के आम्लता लिहिलेले बाटलीबंद व्हिनेगरच घ्या. वाढीव व्हिनेगर टोमॅटोबरोबर घालून आटवा. उकळत्या पाण्यात १० मिनिटे ठेवून वाळवलेल्या काचेच्या बरण्यांत गरमच भरा, बरण्या कोमट झाल्या की फ्रिजमध्ये. १५ दिवसांत संपवा. बाहेर कपाटात ठेवू नका, वर तेलाचा थर दिला तरीही नाही. बॉट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचे, जंतू ४.६ पेक्षा कमी पीएच (आम्लतेचे माप; जितका कमी तितके आंबट) असेल तरच रोखले जातात, आणि लसूण-गाजर तेलाखाली हवाबंद ठेवणे त्यांना सोयीचेच. पीएच पट्टीने तपासावे म्हटले तर मिरचीच्या लाल रंगात तिचा रंग वाचता येत नाही. म्हणून फ्रिज.

वाढताना ते फ्रिजमधून ४५ मिनिटे आधी काढा. थंडगार तोंडीलावणे गरम मांसावरची चरबी थिजवते. ३० माणसांसाठी सगळे एकदम बाहेर मांडू नका, दोन वाडग्यांत थोडे थोडे भरत राहा. कच्च्या मांसाला मसाला लावायचा ब्रश किंवा चमचा त्याच्या जवळपासही नको. आणि ते मांस भाजताना वर फासायचे नाही: साखर आणि भाज्यांचे तुकडे निखाऱ्यावर जळून मांसाला काळा कडवट थर बसतो. ताटात शेजारी, ओंजळभर.

कोंबडीला काफ्रियालचा हिरवा मसाला लावणार असाल तर चाकालाकात कोथिंबीर आणि हिरव्या मिरच्या वगळा, नाहीतर दोन्हीकडे तीच चव येते. रेशादचा लाल मसाला असेल तर त्यात व्हिनेगर आधीच असते, इथले शेवटचे ६० मिली ३० वर आणा. मटणाला साखर निम्मी. डुकराचे मांस किंवा चोरीस, म्हणजे गोव्याचे डुकराच्या मांसाचे सॉसेज, भाजणार असाल तर उलट, व्हिनेगर आणखी २०-३० मिली चालते, चरबी ते सहज पेलते. पावसाळ्यात बिंबले, म्हणजे ती लांबट आंबट फळे, हाताशी असतील तर २०० ग्रॅम टोमॅटोच्या जागी चिरलेली बिंबले घालून पाहा, पण मग शेवटचे व्हिनेगर जवळजवळ लागतच नाही.

पापच्या जागी पोई, म्हणजे गोव्याचा कोंड्याचा पाव, ठेवा. कोंड्यामुळे ती मसाल्याचे तेल शोषते आणि मोडून पडत नाही. तांदळाची भाकरीही छान लागते. डिसेंबरात मार्गशीर्षाचे दिवस येतात आणि पाहुण्यांत मांस न खाणारे निघतातच. त्यांच्यासाठी अळसांद्यांचे हे तोंडीलावणे पोईबरोबर पूर्ण जेवण होते, तेव्हा पाच-सहा माणसांसाठी दीडपट हिशेब धरा आणि त्यांचा वाडगा, चमचा भाजणीच्या टेबलापासून वेगळा ठेवा.

काही बिघडलेच तर: पाणी सुटलेले दिसले तर सगळे पुन्हा आटवू नका, गाजर मरते. चाळणीत निथळा, खाली आलेले पाणी वेगळे आटवून चमचाभर उरले की परत मिसळा. तिखट जास्त झाले तर साखर ओतण्याऐवजी मीठ चोळून पिळलेला आणखी थोडा गाजराचा किस आणि उकडलेले अळसांदे मिसळा. आंबट जास्त झाले तर अर्धा कांदा तेलात मऊ परतून घाला. मसाला कच्चा लागत असेल तर २ चमचे तेल छोट्या कढईत तापवून त्यात तोंडीलावण्यातला वाटीभर भाग ३ मिनिटे परता आणि परत ओता. आंबूस वास, बुडबुडे किंवा वर तार दिसली तर मात्र चाखूनही पाहू नका, टाकून द्या.

उरलेले दुसऱ्या दिवशी एकदाच आणि वाफ निघेपर्यंत गरम करा. वर अंडी फोडून झाकण ठेवले की ५ मिनिटांत न्याहारी होते, आणि तिथे मऊ गाजर चालून जाते.